दम लागण्याआधीच उपचार

हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एकाच वेळी आकुंचन पावले तरच रक्त जोमाने पुढे जाते. डाव्या बाजूचा विद्युतमार्ग खंडित झाला की हा ताल बिघडतो. छातीच्या त्वचेखाली बसवलेले सीआरटी उपकरण बारीक तारांतून विद्युतस्पंद देऊन तो पुन्हा जुळवते. पूर्वी हा उपचार गंभीर रुग्णांपुरताच होता. २००९च्या मॅडिट-सीआरटी चाचणीत सौम्य लक्षणांच्या किंवा लक्षणेच नसलेल्या १,८२० रुग्णांचा अभ्यास झाला. केवळ डिफिब्रिलेटर (घातक ठोके विद्युतधक्क्याने थांबवणारे उपकरण) बसवलेल्यांच्या तुलनेत सीआरटीही मिळालेल्यांमध्ये मृत्यू किंवा हृदय निकामी होण्याच्या घटनांची जोखीम ३४ टक्क्यांनी घटली. खरा लाभ डावा विद्युतमार्ग खंडित असलेल्यांनाच झाला. तारा सरकणे, जंतुसंसर्ग हे धोकेही आहेत. म्हणून ईसीजी आणि इको नीट पाहूनच रुग्ण निवडावा. उपकरण सरसकट बसवू नये, पण योग्य रुग्णाला दम लागेपर्यंत ताटकळतही ठेवू नये.