जकातीचा हिशेब आणि वहीतली बाकी

रमजानचा दुसरा आठवडा लागला की किटवाटप सुरू होते. पिशवीत तांदूळ, तेल, साखर, शेवया, बेसन आणि खजुराचे एक पाकीट. कुठे मशिदीची कमिटी वाटते, कुठे एखादा दुकानदार, कुठे पुढारी. पुढाऱ्याच्या पिशवीवर त्याचा फोटो असतो, तेवढे सोडले तर या कामाला नावे ठेवण्यासारखे काही नाही. ज्या घरी सहरीला काल रात्रीचीच भाकरी होती, तिथे या पिशवीने दोन आठवडे निघतात.

पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला खटकत आली आहे. किराणा दुकानदाराशी बोलताना ती कळते. तो सांगतो, किट मिळाले की गिऱ्हाईक दोन आठवडे येत नाही आणि मग परत येते, तेव्हा वहीतली बाकी होती तेवढीच असते. धान्य मिळाले, देणे तसेच राहिले.

आपल्या पाटसची गरिबी समजून घ्यायची तर त्या वहीपासून सुरुवात करावी लागेल. कारण पाटसला काम नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो. रेल्वे स्टेशन आहे, पुढचेच स्टेशन दौंड जंक्शन. जवळ कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रासायनिक कारखाने आहेत. भीमा सहकारी साखर कारखाना पाटसचाच. भोवताली ऊस आहे, तालुकाभर गुऱ्हाळांची चुलवाणे पेटलेली असतात. हात रिकामा राहणार नाही इतके काम या पट्ट्यात आहे, म्हणून तर बीडची माणसे कोयता घेऊन इथे येतात आणि उत्तर प्रदेशातली गुऱ्हाळावर राबायला येतात. तरीही महिन्याची वीस तारीख उलटली की मजुराच्या घरात उसनवारी सुरू होते. काम झालेले असते, पैसा आलेला नसतो.

तो का आलेला नसतो, याची साखळी मोठी गमतीची आहे. उसापासून धरू. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज मिळावे, असे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये रास्त दर ठरलेला होता. शेतकऱ्याला निदान दाद मागायला कागद आहे, त्यासाठी मोर्चे निघतात, साखर आयुक्तांपर्यंत निवेदने जातात. आता त्याच शेतात खुरपणी केलेली बाई पाहा. शेतकरी म्हणतो, बिल आले की देतो. ती दुकानदाराला म्हणते, मालकाचे बिल आले की देते. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला तेच सांगतो. साखळीच्या वरच्या कडीला चौदा दिवसांची मुदत आहे, व्याज आहे. सर्वांत खालच्या कडीला मुदत नाही, व्याज तर नाहीच, उलट उशीर झाल्याचे व्याज तीच कुठेतरी भरत असते.

कारखाना बंद पडला की ही साखळी कशी तुटते, तेही आपण पाहिले आहे. भीमा पाटस काही हंगाम बंद होता. 2022 मध्ये निराणी समूहाने तो भाडेतत्त्वावर चालवायला घेतला आणि धुराडे पुन्हा पेटले. मधल्या काळात शेतकऱ्याचा ऊस दुसऱ्या कारखान्यांकडे गेला, त्याची अडचण झाली पण ऊस गेला. कारखान्याच्या गेटबाहेर चहाची टपरी असलेला माणूस मात्र आपली टपरी उचलून आलेगावला नेऊ शकत नव्हता. ट्रॅक्टरचे पंक्चर काढणारा, ट्रॉलीच्या साट्याला वेल्डिंग मारणारा, बैलांना नाल ठोकणारा, ही सगळी माणसे कुठल्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. म्हणून कारखाना बंद पडल्यावर किती जण बेकार झाले, हे मोजताना ती मोजली जात नाहीत.

आणि या न मोजल्या जाणाऱ्यांत माझ्या समाजाची माणसे फार आहेत. 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, त्यात हे स्पष्ट दिसते की मुसलमान कामगारांत नोकरदार कमी आणि स्वतःचा छोटा धंदा करून पोट भरणारे जास्त. आपल्या गावांत हे आडनावातच वाचता येते. बागवान फळे विकतो, मणियार बांगड्या भरतो, तांबोळी पानाच्या ठेल्यावर, आतार अत्तर-सुरम्याची पेटी घेऊन, पिंजारी गाद्या भरतो, शिकलगार धार लावतो. आता गादी फोमची आली, बोथट झालेली कात्री लोक फेकून देतात. पिंजाऱ्याचा मुलगा गॅरेजमध्ये लागला, शिकलगाराचा मुलगा रंगकाम करतो. अशा कामाला पगाराची तारीख नसते, प्रॉव्हिडंट फंड नसतो, आजारपणाची रजा नसते. ही काही एकट्या मुसलमानांची गोष्ट नाही. परीट, न्हावी, कुंभार, वडार, सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चालले आहे.

ऊसतोडणी कामगारांचे तर कामच कर्जाने सुरू होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून दिवाळीआधी उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या साली उसाला पाऊस कमी आणि हंगाम आखूड, त्या साली दर वाढूनही उचल फिटत नाही. उरलेली बाकी पुढच्या सालच्या उचलीत मिळवली जाते. माणूस गावी परततो तो पुढच्या वर्षीचे श्रम आधीच विकून.

मग मधली गरज कुठून भागते? आता सावकार पूर्वीसारखा ओट्यावर बसलेला नसतो. बायकांचे गट असतात, दर आठवड्याला हप्ता असतो, एकीने चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. रिझर्व्ह बँकेने 2022 पासून असा नियम केला आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले असे कर्ज, त्याचा हप्ता महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. निम्मे! ज्या घराचे उत्पन्नच कधी येईल याचा नेम नाही, त्या घराचा निम्मा पैसा हप्त्यात गेला तरी तो नियमात बसतो.

इथे आम्ही मुसलमानांनी आपल्याशी थोडे खरे बोलले पाहिजे. व्याज हराम आहे, हे आमच्या प्रत्येक जुम्म्याच्या खुतब्यात कधी ना कधी येते. ऐकणाऱ्यांत अशी माणसे बसलेली असतात ज्यांच्या घरच्या बाईने सोमवारी गटाचा हप्ता भरला आहे. तिला व्याज हराम आहे हे माहीत आहे. तिला बिनव्याजी वीस हजार देणारा कोणी माहीत नाही. कर्जे-हसना म्हणजे बिनव्याजी कर्ज देणे, हे पुण्यकर्म म्हणून आम्ही वाचतो, सांगतो. मुलीच्या लग्नाला, मुलाच्या ऑपरेशनला ते मागायला गेले की आमचीही तोंडे फिरतात.

आता जकातीकडे येतो. बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे तर ज्याच्याकडे वर्षभर साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक आहे, त्याने तिच्यातला अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा. ही शिल्लक धरायची ती देणे वजा करून. कोणाला द्यायचे हे कुरआनने आठ वर्गांत सांगून ठेवले आहे. गरीब आणि निराधार त्यात पहिले आहेतच. पण त्या यादीत कर्जात बुडालेल्या माणसाला स्वतंत्र जागा आहे. या वर्गाबद्दल आमच्याकडे फारसे बोलले जात नाही. किट वाटणे सोपे आहे, पिशव्या मोजता येतात, फोटो निघतो. कोणाचे किती देणे आहे, हे विचारायला त्याच्या घरी जाऊन बसावे लागते. हदीसमध्ये असे प्रसंग येतात की मरण पावलेल्या माणसावर कर्ज शिल्लक आहे असे कळल्यावर पैगंबर त्याच्या जनाज्याची नमाज स्वतः पढवायला थांबले आणि एका साथीदाराने ते देणे स्वतःच्या अंगावर घेतल्यावरच उभे राहिले. कर्जाकडे इतक्या गंभीरपणे पाहणारी ही शिकवण आहे, आणि आम्ही तिचे शेवयांत भागवतो.

कर्जाचे दुखणे या मातीला नवे नाही. पाटसच्या दक्षिणेला सुपे आहे, आता ते बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडीत होते. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर धाव घेतली आणि खते, रोखे बाहेर काढून जाळले. त्याआधी काही महिने शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला होता. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळलेले, सारा वाढलेला आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याने घरे-जमिनी जात होत्या. त्या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, हे सरकारी चौकशीतही नोंदले गेले. पुढे 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला.

आणि याच पाटसवरून दर आषाढीला तुकाराम महाराजांची पालखी रोटी घाटाकडे जाते. आमच्यातलेही अनेक जण त्या दिवशी वारकऱ्यांना पाणी, केळी वाटायला उभे असतात. तुकोबा स्वतः महाजनाच्या घरचे. दुष्काळात धंदा बुडाला, घरात माणसे गेली. वडिलांच्या सावकारीची खते त्यांनी भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. सुप्यात कागद जाळले ते घेणेकऱ्याच्या भीतीने. देहूत कागद बुडवले ते घेणेकऱ्याने स्वतः. दोन्ही गोष्टी आपल्या पंचक्रोशीला माहीत आहेत. आजचा कागद मोबाइलमध्ये आहे, तो जाळता येत नाही आणि बुडवताही येत नाही. तो फेडावाच लागतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कमिट्यांनी जकातीतला काही भाग, फार नाही, चौथा हिस्सा म्हणू, किटमधून काढून कर्जासाठी ठेवावा. गावातल्या पाच-सहा घरांचे देणे यंदा पूर्ण फिटावे. शंभर घरांना आठवड्याचे धान्य देण्यापेक्षा मला हे मोलाचे वाटते, कारण ती घरे पुढच्या वर्षी रांगेत नसतील. एक बारकावा लक्षात ठेवावा लागेल. काही दुकानदार म्हणतात, आमची उधारी आम्ही माफ करतो आणि तीच जकात धरतो. आमच्या बहुतेक उलेमांच्या मते तसे चालत नाही. पैसे आधी त्या माणसाच्या हातात, त्याच्या मालकीचे म्हणून द्यायला हवेत. मग त्याने त्यातून देणे चुकते केले तर ते वेगळे. नियम किचकट वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. हातात पैसा आलेला माणूस दुकानात जाऊन ताठ मानेने वही बंद करून घेतो.

कोणी विचारेल, यात हिंदू, दलित, ख्रिस्ती शेजाऱ्यांचे काय? बहुतेक उलेमा जकात मुसलमानांपुरती मानतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सदका, म्हणजे ऐच्छिक दान, त्याला अशी अट नाही. केडगाव आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथे पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला आणि जेवणाबरोबर छापखान्याचे, विणकामाचे काम शिकवले. कोणाचा धर्म कोणता यावर चर्चा पुष्कळ झाली, अजून होते. त्या मुलींच्या हाताला काम आले, यावर कोणाचा वाद नाही.

आणि मजुरीला तर कुठलाच धर्म लागू नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण प्रत्येक मुसलमान मालकाला पाठ असते. माझ्या ओळखीच्या गॅरेजमालकांना, ठेकेदारांना, बेकरीवाल्यांनाही. पण रोजा धरून भट्टीसमोर उभा राहणाऱ्या पोराचा मागच्या महिन्याचा पगार अर्धाच दिलेला असतो आणि त्याच मालकाने संध्याकाळी मशिदीत शंभर जणांच्या इफ्तारीचा खर्च उचललेला असतो. इफ्तारी नफल आहे, मजुरी देणे आहे. पगार सात तारखेपर्यंत द्यावा, असे कायदा सांगतो. गॅरेजमधल्या पोराला तो माहीत नाही आणि मालकाला माहीत असण्याची गरज वाटत नाही.

2025 मध्ये एक योग जुळून आला होता. गुढीपाडवा 30 मार्चला होता आणि ईद दुसऱ्याच दिवशी. म्हणजे दोन्ही सण महिना संपता संपता आले, पगार त्यानंतर. अशा वेळी साखरेची गाठी आणि शीरखुर्म्याचे दूध दोन्ही उधारीत लिहिले जाते. ज्यांच्याकडे चार माणसे कामाला आहेत, मग तो मालक कुठल्याही घरचा असो, त्यांनी अशा महिन्याचा पगार सणाआधीच द्यावा. मागचा काही राहिला असेल तर तोही. तीन दिवस अगोदर पैसे गेल्याने कोणाचा धंदा बुडत नाही.