रस्ता संपला, व्याज चालू

2025 च्या मार्चमधली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, बॅग भरून ऑफिसमधून सटकण्याच्या बेतात होतो आणि मोबाइल वाजला. हिंगोलीचा मित्र. इंजिनीअरिंगला आम्ही एकाच रूमवर राहायचो. मी पुण्याच्या एसीत बसलो, तो गावाकडे जाऊन कॉन्ट्रॅक्टर झाला.

"एक सांग बे, तुझ्या क्रेडिट कार्डावर न घेतलेल्या वस्तूचं बिल आलं, व्याजासकट. बँक म्हणते मुद्दल भर, व्याज माफ. भरशील का भांडशील?"

मी म्हटलं, भांडेन. तो नुसता हसला.

कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? पांढरे कपडे, स्कॉर्पिओ, नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पण आमचा हा गडी 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' या कोट्यातला. आपल्याकडे सरकारची छोटी बांधकामं वाटताना ठरावीक वाटा अशा अभियंत्यांना, ठरावीक वाटा मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेली कामं खुल्या कॉन्ट्रॅक्टरना द्यायची पद्धत आहे. म्हणजे बेरोजगारीवर तोडगा म्हणून हा धंदा! औंढा, सेनगाव, कळमनुरी... कुठे गावातला सिमेंट रस्ता, कुठे शाळेची खोली. सिमेंट उधार, खडी उधार, मजुरी मात्र रोख.

तर त्याने एका गावात वीस लाखांचा रस्ता केला. मे 2017 मध्ये काम संपलं, एमबीत मोजमाप चढलं, बिल गेलं, त्यावरचा व्हॅटही भरून झाला. 1 जुलैला जीएसटी आला. बिलाचे पैसे मिळाले मार्च 2018 मध्ये. दहा महिने! आपला पगार दहा तारखेला झाला तर आपण एचआरला मेलवर मेल टाकतो.

आता गंमत बघा. पैसे देताना खात्याने इन्कम टॅक्सचा टीडीएस कापला आणि ती रक्कम त्याच्या 26एएसमध्ये 2017-18 या वर्षाखाली दिसू लागली. जीएसटीच्या रिटर्नमध्ये ती नाही. कशी असेल? काम व्हॅटच्या जमान्यातलं. पण दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा एमबीतली तारीख कोण बघतो? सरकारी कामाचा 12 टक्के दर लावला, 2 लाख 40 हजार कर निघाला. नोटीस आली सप्टेंबर 2023 मध्ये, आणि तीही पोर्टलवर, अशा कोपऱ्यात की त्याच्या अकाउंटंटला दिसलीच नाही. उत्तर गेलं नाही, म्हणून डिसेंबरमध्ये एकतर्फी आदेश. व्याज वर्षाला 18 टक्के, एप्रिल 2018 पासून. करा हिशेब. सुमारे 2 लाख 45 हजार. व्याज मुद्दलाच्या पुढे गेलं! वर 24 हजार दंड.

त्याने अपील केलं. त्यासाठी वादातल्या कराच्या 10 टक्के आधी भरावे लागतात, ते 24 हजार भरले. पुरावा म्हणून हवी होती एमबीच्या त्या पानाची प्रमाणित प्रत. शाखा अभियंत्याची बदली झालेली, पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते कुणाला ठाऊक नाही.

मग सरकारने अभय योजना आणली. 2017-18 ते 2019-20 या तीन वर्षांचा पूर्ण कर 31 मार्च 2025 पर्यंत भरा, व्याज आणि दंड माफ. अट एकच, अपील मागे घ्या. ज्याने खरंच कर बुडवला त्याच्यासाठी ही लॉटरी. आणि ज्याने दिलेला आहे त्याच्यासाठी?

हे वाचून 'आपल्याला काय' म्हणू नका. 2012 मध्ये पुण्या-मुंबईतल्या किती घरांत बिल्डरचं पत्र आलं होतं, आठवतंय? 20 जून 2006 ते 31 मार्च 2010 मधल्या फ्लॅट बुकिंगवर 5 टक्के व्हॅट भरा! बांधकाम चालू असताना विकलेला फ्लॅट म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट का, हा वाद मुंबई हायकोर्टात सरकारने जिंकला, सुप्रीम कोर्टानेही 2013 मध्ये तोच अर्थ धरला. राहत्या घराचा टॅक्स मागाहून आला तेव्हा आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये किती ओरडलो होतो! बांधकामात माल किती आणि मजुरी किती, याचं भांडण 1958 पासून कोर्टात आहे, त्यासाठी 1982 मध्ये घटनादुरुस्तीसुद्धा झाली. हे सगळं हिंगोलीच्या पोरानं पाठ करावं अशी अपेक्षा आहे.

मी विचारलं, दहा महिने पैसे अडले त्याचं व्याज मागितलंस का? छोट्या उद्योगांचे पैसे थकवले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा 2006 चा कायदा आहे ना? आहे. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट त्यात बसत नाही, असं मुंबई हायकोर्टाने म्हटलंय. म्हणजे आपण उशीर केला तर 18 टक्के, त्यांनी केला तर 'निधी उपलब्ध नाही'. त्याच फेब्रुवारीत राज्यातल्या कॉन्ट्रॅक्टरांच्या संघटनांनी कामं थांबवली होती. सरकारकडे 89 हजार कोटी थकल्याचा त्यांचा दावा होता.

मी तर म्हटलं, लढ. खालचं अपील हरलास तर पुढे ट्रायब्युनल आहे. तो म्हणाला, "कुठे आहे? 2017 पासून कागदावरच आहे." खरं होतं. जीएसटीच्या ट्रायब्युनलचं उद्घाटन झालं 24 सप्टेंबर 2025 ला. तोपर्यंत याचं व्याज थांबणार होतं थोडंच!

31 मार्चच्या दोन दिवस आधी त्याने बायकोचे दागिने तारण ठेवले, उरलेले पैसे भरले, अपील मागे घेतलं. नव्या टेंडरच्या वेळी नावावर थकबाकी नको होती, एवढंच कारण. मला राग आला, त्याला नाही. तो रस्ता, म्हणे, मधल्या काळात उखडून दुसऱ्या कुणी नव्याने केलासुद्धा.

हल्ली तो मोजमापाला गेला की एमबीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो, तारखेवर बोट ठेवून. नवा शाखा अभियंता विचारतो, "काय हो, माझ्यावर भरवसा नाही का?" हा म्हणतो, "तुमच्यावर आहे साहेब. कपाटावर नाही."