दलाली कागदावर यावी

घर घेणारा आणि विकणारा यांच्यामधला दलाल नेमका कोणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याला नोंदणी सक्तीची केली. पुढे महारेराने प्रशिक्षण व परीक्षेचीही अट घातली. परंतु हे बंधन नोंदणीकृत प्रकल्पांपुरतेच. भाईंदरच्या जुन्या इमारतीतील वा चौकसारख्या गावातील जुन्या घराची फेरविक्री त्याबाहेरच राहते.

दलालीचा दरही कायद्याने ठरविलेला नाही. पन्नास लाखांच्या घरावर शेकडा दोन म्हणजे एक लाख. दोन्ही पक्षांकडून घेतल्यास दोन लाख! किंमत वाढली की दलालीही वाढते. मग घेणाऱ्याच्या वतीने घासाघीस कोणी करावी?

अमेरिकेत दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयीन तडजोडीत मान्य केलेल्या नियमांनुसार, ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराला घर दाखविण्यापूर्वीच मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो. येथेही शासनाने दर बांधून देण्याचे कारण नाही. बांधलेल्या दरावरची रक्कम हातोहात वसूल होईल. मात्र दर किती, देणार कोण आणि त्याबदली काम कोणते, हे फेरविक्रीतही आधी लिहिले जावे. प्रामाणिक दलालाला त्यात भिण्यासारखे काय आहे?