विद्यार्थी कच्चा की विषय अवघड?

इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटले की काचेच्या इमारती आणि संगणक कंपन्या डोळ्यांपुढे येतात. कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या या वसाहतीच्या आसपास आता शिक्षणसंस्थाही उभ्या आहेत. दरवर्षी लातूर, सोलापूर, बेळगावकडची अनेक मराठी मुले बंगळुरूत शिकायला येतात.

त्यांपैकीच एक, आमच्या गावाकडील परिचितांचा मुलगा, ऑक्टोबरमधील एका रविवारी घरी जेवायला आला. परिसरातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण. पहिल्या अंतर्गत चाचणीत मात्र ३० पैकी ९. "काका, सर काय विचारतात ते कळते, पण उत्तर इंग्रजीत जुळवेपर्यंत ते पुढे गेलेले असतात," तो म्हणाला.

महाविद्यालयात जादा वर्ग नव्हते काय? होते. पण त्यासाठी नापासांच्या क्रमांकांची यादी सूचनाफलकावर लागली होती. "तिथे बसलो की सगळ्या वर्गाला कळणार." तो गेला नाही. वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलेले, म्हणून घरीही काही सांगितले नाही.

प्रशासकाच्या नजरेने पाहिले तर येथे सर्व काही यथासांग आहे. योजना आहे, वेळापत्रक आहे, खर्चही पडला आहे. फक्त लाभार्थी आला नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की सेवेची किंमत केवळ रुपयांत नसते. लाज हीही किंमतच असते, आणि ज्याला मदतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती सर्वाधिक मोजावी लागते.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे, असे नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७-१२) विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या उपचारात्मक अध्यापनासाठी अनुदान दिले. २०१७ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम आणला, तर २०१९ मध्ये आयोगाने 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली. हेतू उत्तमच आहेत. परंतु परिचय कार्यक्रम प्रवेशानंतर लगेच उरकतो, अडचण पहिल्या चाचणीला उघडी पडते. आणि 'उपचार' या शब्दातच समोरचा रुग्ण आहे असे गृहीत धरलेले असते.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ साली डीॲना मार्टिन यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी कच्चे विद्यार्थी शोधण्याऐवजी अवघड विषय शोधले. ज्या विषयांत बरेच विद्यार्थी नापास होतात किंवा मध्येच सोडून जातात, तो विषय आधी चांगल्या गुणांनी पार केलेला एक वरच्या वर्गाचा विद्यार्थी पुन्हा तासांना बसतो आणि दर आठवड्याला अभ्यासाची बैठक घेतो. बैठक सर्वांना खुली असते. हुशार मुलेही येतात, त्यामुळे कोणावरही शिक्का बसत नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

आपल्याकडे यासाठी नवे खाते किंवा नवी समिती नको. मागील तीन वर्षांचे निकाल परीक्षा विभागात असतातच. त्यांतून दोन-तीन विषय निवडावेत. बैठक घेणाऱ्याला मानधन द्यावे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चा वारसा असलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. एखादी संकल्पना मराठीत वा कन्नडमध्ये समजावून सांगण्याची मोकळीकही त्या बैठकीत असावी.

"आम्हाला कोणी दिली होती अशी मदत?" असे माझ्या पिढीतील अनेकजण विचारतील. मला मिळाली होती. एम.ए.च्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्र मला वसतिगृहातील एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने शिकवले. तो शेजारच्या खोलीत राहत होता, हे माझे नशीब. एकाच्या नशिबात आले ते सर्वांच्या वाट्याला येईल अशी सोय करणे, यालाच मी प्रशासन म्हणतो.

असो. महाविद्यालये बदलतील तेव्हा बदलतील. गावाबाहेर स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांकडे रविवारी असा एखादा मुलगा किंवा मुलगी जेवायला आली, तर किती गुण पडले, हे विचारू नये. कोणता विषय अवघड जातो, एवढेच विचारावे. आमच्याकडे बोलणे त्या प्रश्नानेच सुरू झाले.