वर फरशी, खाली बुरशी

दिवाळी तोंडावर आली की मराठी घराला साफसफाईचा झटका येतो. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, भिंतींना रंग लागतो, आणि ज्याच्या हाती यंदा बरा बोनस पडला आहे तो मोरीच्या जुन्या फरशीवरच नवी चकचकीत टाइल ठोकून घेतो. या शेवटच्या हौसेविरुद्ध चार शब्द कडक बोलायचे आहेत. सणासुदीला कडू बोलू नये हे खरे. पण नरकचतुर्दशीला पायाखाली कारेटे फोडून त्याची कडू चव जिभेला लावणारी माणसेही आपणच. हा लेख त्या कारेट्याच्या जागी समजावा.

गिरगावातली जुनी चाळ घ्या किंवा पुण्याच्या पेठेतला वाडा घ्या. वरच्या मजल्याची जमीन तिथे कडीपाटाची असते. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती-चुन्याचा थर किंवा कोबा, आणि सर्वांवर फरशी. डोळ्यांना दगड दिसतो, पण आपण उभे असतो लाकडावर. याच जमिनीच्या कोपऱ्यात मोरी असते. तिथे वर्षानुवर्षे धुणी झाली, भांडी झाली, आंघोळी झाल्या. फरशीच्या सांध्यातून रोज चार थेंब खाली उतरले. त्या चार थेंबांचा हिशेब कोणी मागितला नाही.

लाकूड नुसते भिजल्याने कुजत नाही. भिजलेले वाळू दिले नाही म्हणजे कुजते. कायम पाण्याखाली बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते, कारण बुरशीला तिथे हवा मिळत नाही. उलट, लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिली तरीही बुरशीचे काही चालत नाही. तिला हवी असते ती या दोहोंमधली अवस्था : थोडी ओल, थोडी हवा आणि भरपूर अंधार. आपण वर सिमेंट आणि टाइल बसवतो, खालून तेलरंग फासतो, आणि तिच्यासाठी अगदी बेतशीर घर बांधून देतो. मागाहून वाळवी पाहुणी म्हणून येते आणि मालकीण होऊन बसते.

यावर ठरलेले उत्तर येते : “अहो, साग आहे तो! सागाला काय धाड भरली आहे?” सागाचा गाभा चिवट असतो यात शंका नाही. परंतु त्याच्या बाहेरच्या फिकट भागात ते बळ नसते, आणि तुळईचे जे टोक ओल्या भिंतीत गाडलेले असते तिथे गाभ्याचीही कसोटी लागते. आजोबांच्या वेळचा साग म्हणून त्याला किती वर्षे भिजत ठेवायचे?

दुसरे उत्तर असे की, दुरुस्ती हे घरमालकाचे काम. मालक म्हणतो, १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, त्यात तुळई कुठून आणू? १९६९ मध्ये मुंबईसाठी खास कायदा झाला, दुरुस्ती मंडळ आले, जुन्या इमारतींवर उपकर बसला. तेव्हापासून मालक मंडळाकडे बोट दाखवतो आणि मंडळ यादीकडे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ म्हणते की, मालकाने नोटिशीनंतरही दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना दोनशे रुपये भाडे धरले तर वर्षाला सहाशे रुपये! एवढ्यात सागाची तुळई सोडाच, सुताराची एका दिवसाची मजुरी तरी सुटते का? हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध भांडलेच पाहिजे. पण जो भाडेकरू तुळईसाठी पैसा नाही म्हणतो, तोच टाइलसाठी पैसा काढतो, तेव्हा त्याच्या तक्रारीतला जीव निम्मा जातो.

कारण जी आपली जमीन, ती खालच्या बिऱ्हाडाचे छत असते. मोरी आपली, थेंब आपले, आणि डोके मात्र त्यांचे.

मग करावे काय? फरशी दबते का, ओलसर कुबट वास येतो का, पाणसळ ठेवली तर जमीन मोरीकडे कलते का, ते पाहावे. खालून दिसणाऱ्या तुळईत सुताराकडून दाभण टोचवून घ्यावे. लोण्यात जावे तसे गेले तर रंगाचा डबा परत करावा. नंतरचा क्रम चुकवू नये. आधी गळती बंद करावी. जाणत्या अभियंत्याला दाखवून खालून टेकू द्यावेत. आपल्याच हाताने तुळईला करवत लावू नये. मग फरशी उघडावी आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावे, त्याला आठवडे लागले तरी लागोत. कुजका भाग धड लाकूड लागेपर्यंत काढून जोड द्यावा, भिंतीतल्या टोकाला हवा खेळेल अशी जागा ठेवावी, आणि सर्वांत शेवटी पाणी न झिरपणारी मोरी बांधावी. टाइलची हौस तिथे खुशाल पुरवावी.

या दिवाळीत एवढे तरी करा. फराळाचे ताट घेऊन खालच्या बिऱ्हाडात जा. चकली खुसखुशीत झाली आहे का, हे विचारून झाले की मान वर करा आणि आपल्या मोरीखालचे त्यांचे छत नीट पाहा. तिथे डाग दिसला, तर नवी टाइल पुढच्या वर्षी.