चिठ्ठीचा मान

मिरवणूक या शब्दात चालण्याचा निर्देश कोठेच नाही. आहे तो केवळ मिरवण्याचा. दिंडी चालते, पालखी निघते, छबिना फिरतो, वरात दाराशी येऊन ठेपते, आणि ज्याला अद्दल घडवायचे गावाने ठरवलेले असते त्याची धिंड निघते. हे सारे शब्द हाताशी असताना अनंत चतुर्दशीच्या सोहळ्यासाठी आपण मिरवणूक हाच शब्द कायम केला, आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २४ तास उलटून गेले तरी जो समारंभ संपण्याचे नाव घेत नाही, त्याच्याकडे पाहता ही निवड किती अचूक होती याची खात्री पटते. तेथे मिरवणे उदंड असते. पुढे सरकणे मात्र बेताचेच.

काही वर्षांपूर्वी त्या रात्री मंडईमागच्या एका बोळात, लक्ष्मी रस्त्यावर शिरण्याची वाट पाहत खोळंबलेल्या एका लहानशा मंडळाच्या गाड्यापाशी मी उभा होतो. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा ताशा कमरेशी अडकवून पायरीवर बसला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, सदरा घामाने भिजून पुन्हा वाळलेला. दीड महिना रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव केल्याचे त्याने सांगितले, आणि मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत विचारले, “काका, बाराच्या आत लागेल ना हो आमचा नंबर?” तेव्हा साडेअकरा झाले होते. रात्री दहानंतरची ध्वनिबंदी सणापुरती शिथिल होते ती मध्यरात्रीपर्यंतच. त्यानंतर सकाळी सहापर्यंत वाद्याला काडी लावण्याची सोय नाही. बारा वाजले, पोलिसांनी हात वर केला, आणि तो मुलगा ताशाच्या दोन काड्या आपल्या मांडीवर आवाज न करता वाजवीत बसला.

हा दोष पोलिसांचा नव्हे, कायद्याचा तर नव्हेच. पुढे गेलेली पथके बेलबाग चौकात थांबतात, पुढल्या चौकात पुन्हा थांबतात, टाळ्या पडतात म्हणून आणखी एक आवर्तन होते, आणि दोन मंडळांमध्ये पडलेल्या अंतरातून एखादी बैलगाडी सुखाने वळून जावी अशी स्थिती येते. मानाच्या पाच गणपतींचा क्रम लोकमान्यांच्या काळापासूनचा आहे आणि त्याबद्दल कोणाची फिर्याद नाही. खरा कज्जा त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांचा. संध्याकाळची, रोषणाई खुलण्याची आणि वाद्ये चालण्याची वेळ सर्वांनाच हवी असते, आणि ती कोणाला मिळायची याचा निवाडा शिरस्ता, वजन आणि बैठकीतली मनधरणी यांच्या मिश्रणातून होतो. ज्याच्यामागे यांपैकी काहीच नाही, तो बोळात उभा राहतो.

आधी कोण, हा तंटा केवळ आपल्याच वाट्याला आला आहे असे समजण्याचे कारण नाही. जपानमधील क्योतो नगरीत इ.स. ८६९ मध्ये साथीच्या रोगाचे शमन व्हावे म्हणून जो विधी झाला, त्यातून पुढे गिओन उत्सव वाढला. आज १७ जुलैला २३ आणि २४ जुलैला ११ असे रथ त्या नगरीच्या रस्त्यांवरून ओढले जातात. हे रथ मंदिराचे नाहीत, सरकारचेही नाहीत; ते एकेका आळीचे आहेत, आणि आमच्या मंडळांप्रमाणेच त्या आळीचा सारा अभिमान त्यांत साठवलेला असतो. १५३३ मध्ये सत्ताधाऱ्यांनी उत्सवातील धार्मिक विधींना मनाई केली, तेव्हा विधी नसले तरी चालतील पण आमचे रथ निघालेच पाहिजेत, अशी दरखास्त तेथल्या आळीकरांनी केली होती. ज्यांना आपल्या मिरवणुकीविषयी इतकी ईर्ष्या, ते एकमेकांना निमूटपणे वाट देत असतील हे संभवनीयच नाही. प्रदीर्घ यादवीमुळे खंडित झालेला हा उत्सव १५०० मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा पुढे-मागे जाण्याचे भांडण मिटवण्यासाठी त्यांनी जो उपाय योजला तो आपल्या भिशीच्या बायकांनाही ठाऊक आहे: त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या.

त्या चिठ्ठ्या आजही दर वर्षी २ जुलैला नगरभवनात महापौरांसमक्ष काढल्या जातात. अग्रभागी चालणाऱ्या नागिनाता रथासारख्या काही मानकऱ्यांची जागा परंपरेने ठरलेली असून ते या सोडतीतून मुक्त आहेत, म्हणजे मानाच्या पाचांसारखी सोय तेथेही आहे. बाकीच्यांचे भाग्य मात्र दर वर्षी नव्याने ठरते. प्रत्यक्ष मिरवणुकीच्या दिवशी प्रत्येक रथाचा प्रतिनिधी, कधी तो लहान मुलगाही असतो, चिठ्ठी ठेवलेली पेटी घेऊन महापौरांपुढे येतो, पेटीची दोरी बोटांनी न सोडता हातातल्या पंख्याच्या फटकाऱ्याने उडवून देतो, आणि जुन्या काळच्या न्यायाधिकाऱ्याचा वेश चढवलेले महापौर त्या कागदावरचा क्रमांक पाहून रथाला पुढे जाण्याची अनुज्ञा देतात. महापौरांना क्रमांक आधीच ठाऊक असतो, पाहणाऱ्यांनाही असतो. तरी दोरी नीट उडाली की गर्दीतून टाळ्या उठतात. मला या साऱ्यात विशेष वाटते ते हे, की भांडण मिटवण्याच्या व्यवस्थेलाच त्या लोकांनी सोहळ्याचे अंग करून टाकले आहे, आणि आम्ही तीच गोष्ट पोलीस चौकीतल्या बंद खोलीत उरकतो.

तेथेही थांबणे आहे, पण ते कामाचे आहे. सर्वांत मोठा रथ १२ टनांच्या घरात जातो, त्याचा सांगाडा खिळ्यांशिवाय केवळ दोरखंडांनी बांधलेला असतो आणि त्याची चाके वळत नाहीत; म्हणून चौक आला की चाकांखाली बांबूच्या ओल्या चिरफळ्या अंथरून, त्यांवर पाणी ओतून, सारा डोलारा दोऱ्यांनी आडवा ओढत तीन-चार हिसक्यांत काटकोनात फिरवतात. त्या रथांवर बेल्जियममध्ये विणलेले सोळाव्या शतकातील पडदे लोंबतात, आणि डचांच्या गलबतांतून जपानात पोचलेले हिंदुस्थानी गालिचेही. त्यांपैकी काही आमच्या दख्खनचे आहेत असा अभ्यासकांचा निर्वाळा आहे. आपल्याकडे मात्र असे जुने दख्खनी गालिचे पाहायचे तर हुडकीत फिरावे लागेल.

क्रमाइतकाच प्रश्न वेळेचाही आहे, आणि ती पाळणारेही आहेत. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा कार्निव्हल राख-बुधवारानंतरच्या सोमवारी पहाटे चारच्या ठोक्याला सुरू होतो. त्या क्षणी जुन्या शहरातले रस्त्यांचे दिवे एकदम मालवतात, आणि काळोखात केवळ रंगवलेल्या कंदिलांच्या उजेडात बासऱ्या व ढोल चालू लागतात. बरोबर ७२ तासांनी, गुरुवारी पहाटे चारला, सारे संपते. रिओ दि जानेरोत तर ऑस्कर निमायर या वास्तुशिल्पीने आखलेला, १९८४ मध्ये खुला झालेला खास मिरवणुकीचा मार्गच आहे, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जे सांबा पथक अधिक रेंगाळते त्याचे गुण कापले जातात. तिकिटे लावून मांडलेला तो खेळ मला तितकासा रुचत नाही, पण ज्यांना आपण स्वच्छंदी म्हणतो ते ब्राझीलवासीही घड्याळाला भितात, एवढे त्यातून घेण्याजोगे आहे.

जपानी शिस्त आमच्या मातीत रुजणार नाही, असा आक्षेप येईलच. परंतु चिठ्ठी ही शिस्तीच्या लोकांची युक्ती नव्हे. ती भांडखोरांची युक्ती आहे, आणि त्या बाबतीत पुण्याच्या पेठांची पात्रता कोणी नाकारणार नाही. मानाच्या पाचांना आणि परंपरेने ज्यांची वेळ सर्वमान्य आहे त्यांना वगळून उरलेल्या मंडळांच्या चिठ्ठ्या आषाढातच काढाव्यात, प्रत्येकाला बेलबाग चौकातून पुढे जाण्याची वेळ लेखी द्यावी, आणि जो चौकात ठरलेल्या मिनिटांहून अधिक रेंगाळेल त्याचे नाव पुढल्या वर्षीच्या सोडतीतून काढून त्याला थेट शेपटाला जोडावे. विसर्जनाच्या दिवशी महापौरांनी चौकात खुर्ची टाकून बसावे. त्यांना वेश बदलण्याची गरज नाही, पगडी पुरे. पेटी उघडण्याचे काम मंडळातल्या सर्वांत लहान वादकाकडे द्यावे. सगळी मंडळे मध्यरात्रीच्या आत पार होतील असे मी म्हणत नाही. कोणाच्या तरी नशिबी बारानंतरची चिठ्ठी येईलच. पण ज्याच्या नशिबी ती येईल त्या मुलाला ते आषाढातच कळलेले असेल, आणि त्या वर्षी ताशा घरी ठेवून हातात मशाल घ्यायची की नाही, हे त्याचे त्याला ठरवता येईल.