त्या लाजत नाहीत, त्यांचा खाडा पडतो

ऑक्टोबर आला की आमच्या पट्ट्यातल्या कंपन्या गुलाबी होतात. गेटवर गुलाबी कमान, रिसेप्शनला गुलाबी फुगे, एचआरवाल्यांच्या शर्टावर गुलाबी रिबीन. स्तनाच्या कर्करोगाविषयी जागरूकतेचा महिना.

त्यातले काही फुगे माझ्या आत्याने फुगवलेत. ती चाकणजवळच्या एका कंपनीत हाउसकीपिंगला होती, ठेकेदाराच्या हजेरीवर. शिबिराच्या आदल्या दिवशी तिने हॉल पुसला, खुर्च्या मांडल्या, ज्याच्या आड तपासणी होणार तो पडदा बांधला. दुसऱ्या दिवशी पडद्याआड गेल्या त्या लाइनवरच्या मुली, बहुतेक बावीस-चोवीसच्या. आत्या तेव्हा 47 वर्षांची. तिचं नाव यादीत नव्हतं, कारण यादी कंपनीच्या पेरोलची होती. आणि तिच्या छातीत त्या दिवशी गाठ होती. तिला ती आंघोळ करताना लागलेलीही होती.

पुढे काय झालं ते नंतर सांगते. आधी त्या महिन्याच्या नावातल्या ‘जागरूकता’ या शब्दाशी मला भांडायचंय.

आम्ही बंजारा. जिंतूर तालुक्यातल्या तांड्यावरून आजोबा मजुरीला आले आणि निगडीच्या ओटा स्कीममध्ये राहिले. घरात गोरमाटी, बाहेर मराठी. आमच्या गल्लीत, भोसरीच्या चाळींत, खराबवाडी-महाळुंगे-निघोज्याच्या भाड्याच्या खोल्यांत आमच्यासारख्या असंख्य बायका आहेत: वडार, कैकाडी, पारधी, ओडिशा-झारखंडहून आलेल्या, बिहार-युपीच्या, नेपाळी. यांच्याबद्दल शिबिरं घेणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. ‘बायका येतच नाहीत हो. अडाणी आहेत, लाजतात, त्यांच्यात जागरूकता नाही.’

लाजतात, खरंय. पण बाळंतपणाला जातात, तेव्हा लाज कुठे ठेवतात? तिथे जाण्यावाचून इलाज नसतो आणि कुणीतरी सोबत नेतं. छातीतली गाठ मात्र बहुतेकदा दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी खाडा पाडायचा, म्हणजे दिवसाची मजुरी घालवायची, वर ठेकेदाराची बोलणी खायची. शिबिर कधी असतं? कामाच्या दिवशी दहा ते चार, नाहीतर रविवारी. भोसरी एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची असते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी फ्लेक्सवर वार रविवारच. ज्याने तो वार ठरवला त्याची जागरूकता कोण तपासणार?

आता जरा आकड्यांकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, स्तनाची तपासणी कधी झालीय का? हो म्हणणाऱ्या 0.9 टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. या 99 जणींत वकील, शिक्षिका, बँकेतल्या मॅडम सगळ्या आल्या. त्यामुळे ओटा स्कीममधली बाई अडाणी म्हणून मागे राहिली, हे कृपा करून सांगू नका. सगळेच मागे आहेत. फरक एवढाच, की बँकेतल्या मॅडमना गाठ लागली तर त्या दुसऱ्या दिवशी रजा टाकू शकतात.

आणि यासाठी काय करायचं हे कुणाला माहीत नाही, असंही नाही. उत्तर इथून दीडशे किलोमीटरवर, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत शोधलं गेलं. टाटा मेमोरियलने 1998मध्ये तिथे एक चाचणी सुरू केली. 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका, दोन गट. एका गटात दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासले. मशीन नाही. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या सेविका होत्या. 2021मध्ये वीस वर्षांचा हिशेब ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या गटात सापडलेल्या कर्करोगांपैकी 47 टक्के तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले होते, तपासलेल्या गटात 37 टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी दिसले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही गुलाबी फ्लेक्सवालीच ठरेन. सगळ्या वयांचे मिळून मृत्यू 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. म्हणजे हात ही काही जादू नाही. पण लवकरच्या टप्प्यात सापडणं म्हणजे बहुतेकदा कमी उपचार, कमी खर्च आणि मजुरीच्या बाईसाठी कमी खाडे. आणि एक गोष्ट मला या चाचणीबद्दल विसरता येत नाही. तुलनेच्या गटातल्या हजारो बायकांना फक्त माहिती दिली गेली, फेऱ्यांमधली तपासणी नाही. त्या बायकाही झोपडपट्टीतल्याच. जगाला उपयोगी पडणारा पुरावा गरीब बायकांच्या शरीरांवरून मिळाला. त्यांच्यासारख्याच बायकांपर्यंत तो परत का पोचत नाही, एवढंच मी विचारतेय.

कागदावर तो पोचलाय. केंद्र सरकारच्या 2016च्या आराखड्यानुसार तिशीनंतर दर पाच वर्षांनी प्रत्येक बाईची तपासणी व्हायला हवी, तीही हातानेच, प्रशिक्षित आरोग्यसेविकेकडून, उपकेंद्रावर. आशाताईंच्या फॉर्ममध्ये प्रश्नही आहेत: स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, आकारात बदल. आमच्याकडे हे शब्द कुणी उच्चारत नाही. बायका ‘छातीत’ म्हणतात, तेही आवाज खाली घेऊन. ‘तुमच्या स्तनात गाठ आहे का?’ असं उंबऱ्यावर, नवरा-दिरासमोर विचारलं की उत्तर ‘नाही’ असतं. ओडिया बाईला तर प्रश्नच कळत नाही, ती हसते, आणि फॉर्मवर ‘नाही’ची खूण होते.

यात आशाताईंचा दोष नाही. हजार लोकसंख्येमागे एक आशा हा नियम, आणि शेवटची पूर्ण झालेली जनगणना 2011ची. तेव्हाची निघोजे-कुरुळी आणि आजची, यात खोल्यांच्या किती रांगा उठल्या ते नाशिक हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलात की बसमधून मोजा, वेळ भरपूर मिळतो. भाडेकरू सर्वेक्षणातून सुटतो. आणि ‘परत या’ हे ज्यांना सांगायचं, त्यांचा पत्ता टिकला तर ना! फेब्रुवारी 2025मध्ये महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि शेड पाडली. ती अनधिकृत होती का, हा वाद बाजूला ठेवू. तिथे भंगार निवडणाऱ्या बायका आज कुठे आहेत, हे कुठल्या रजिस्टरात आहे?

म्हणून मला वाटतं, सुरुवात ठेकेदाराच्या मस्टरपासून करा. चाकणच्या लाइनवर मुली घेतात त्या कोवळ्या वयाच्या. चाळिशीच्या बायका कुठे असतात? हाउसकीपिंगला, कँटीनला, बांधकामावर, सोसायट्यांत धुणीभांडी करायला. म्हणजे ज्या वयात धोका वाढतो, त्या वयाच्या बायका नेमक्या पेरोलच्या बाहेर. घरकामवालीला मस्टरही नसतं, तिच्यासाठी गल्लीतच यावं लागेल. पण हाउसकीपिंगवाल्यांची नावं गेटवरच्या वहीत रोज लिहिली जातात. 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर त्यातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जातात. नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनंतर चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षाला मोफत आरोग्यतपासणी करायची, असं सरकार सांगतंय. मग विचारा आपापल्या कंपनीत: त्यात ठेकेदाराच्या बायका धरल्यात का? की वजन-बीपी-शुगर झालं, सही केली, संपलं? पडद्याआड पाच-दहा मिनिटं आणि शिकलेला एक बाईचा हात, एवढंच तर वाढवायचंय.

व्हॅन आणू, असं लगेच कुणीतरी म्हणेल. मॅमोग्राफीची व्हॅन फोटोत छान दिसते. पण तरुण बायकांचे स्तन घट्ट असतात, त्यांत मॅमोग्राफीला गाठ ओळखणं अवघड जातं, आणि व्हॅन संध्याकाळी निघून जाते. खरी परीक्षा त्यानंतर असते. गाठ लागली, आता सोनोग्राफी कुठे, सुईची तपासणी कुठे, रिपोर्ट कधी, सोबत कोण? चाकणहून पिंपरीच्या वायसीएमला जाऊन येण्यात दिवस जातो. अशा तीन खेपांत तीन खाडे. महाराष्ट्राचं रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले योजना आहे. ओडिशाच्या बाईला तिच्या राज्याचं आयुष्मान कार्ड लागणार, आणि ते गावाकडच्या पेटीत. हे सगळं लावून देणारं माणूस नसेल तर ती शिबिरात गाठ घेऊन येते आणि चिठ्ठी घेऊन जाते.

आत्याकडे अशी चिठ्ठीसुद्धा नव्हती. आठ महिन्यांनी गाठीवरची कातडी ओढल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा तिने माझ्या याडीला, म्हणजे आईला दाखवलं. मी चिडले. त्या दिवशी पडदा तूच बांधलास ना, मग आत का नाही गेलीस? ती म्हणाली, ‘‘अगं, मला कोण आत सोडणार? माझी ड्यूटी बाहेर होती.’’

तिसरा टप्पा निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक. ठेकेदाराने दुसरी बाई लावली. त्याला काय म्हणणार, त्याच्या हिशेबात एक जागा रिकामी होती, ती भरली. आता आत्या एका सोसायटीत दोन घरचा स्वयंपाक करते. डाव्या हाताने जड उचलता येत नाही, त्यामुळे कणीक मळायला वेळ लागतो. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिच्याकडे येतात. ती दार लोटून घेते, ब्लाउज बाजूला करून टाक्यांची जागा दाखवते आणि आधी तिथे कसं दिसत होतं ते त्यांना गोरमाटीत सांगते. त्यातल्या दोघी तपासून आल्या. दोघींना काही नव्हतं. तिसरीला सोनोग्राफी सांगितलीय, तिने अजून केलेली नाही. ती कँटीनला आहे, तिची सुट्टी गुरुवारी, आणि तिला मिळालेली तारीख मंगळवारची आहे.